हप्ता वाढला नाही, मग तूट गेली कुठे?
बदलापूरच्या एका घराचा हिशेब, एप्रिल २०२१ ते जुलै २०२५

महागाईने घरखर्च कोलमडला असे म्हटले की डोळ्यांसमोर तेल, डाळ आणि गॅस सिलिंडर येतो. या प्रकरणातल्या घरानेही तेच धरले आणि वर्षभर स्वयंपाकघरात काटकसर केली. त्यांची सगळ्यात मोठी गळती मात्र अशा ठिकाणी होती, जिथे महिन्यामागून महिने एका रुपयाचाही फरक दिसत नव्हता. ती जागा म्हणजे गृहकर्जाचा हप्ता.

हे कुटुंब अभ्यासासाठी रचलेले आहे. माणसे, पगार, घरखर्च आणि बँकेशी झालेला व्यवहार नमुन्याचा आहे. रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना थोड्या मुदतीसाठी पैसे देते तो), त्यांच्या तारखा, सिलिंडर-पेट्रोलचे भाव आणि रिझर्व्ह बँकेचे नियम खरे आहेत. कर्जाचे गणित त्या खऱ्या दरांवरून महिन्याच्या व्याजाने मांडले आहे. अनेक बँका व्याज रोजच्या शिलकीवर काढतात, त्यामुळे काही रुपये इकडे-तिकडे होतील.

घर आणि कर्ज

नवरा ऐरोलीच्या एका खासगी कंपनीत, एप्रिल २०२१ मध्ये वय ३४. बायको घरी शाळेच्या मुलांच्या शिकवण्या घेते. मोठी मुलगी चौथीत, धाकटा बालवाडीत. नवऱ्याची आई सोबत राहते, तिला मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे चालू आहेत.

करोनाकाळात व्याजदर तळाला गेले होते. रेपो मे २०२० पासून ४ टक्क्यांवर होता. भाड्याचे घर सोडून स्वतःचे घ्यायला यापेक्षा चांगली वेळ येणार नाही, असे तेव्हा घरोघरी बोलले जात होते. यांनीही तीस लाखांचे कर्ज काढले, वीस वर्षांसाठी, रेपो अधिक २.७५ म्हणजे ६.७५ टक्क्यांनी. हप्ता बसला २२,८११ रुपये आणि मे २०२१ पासून तो सुरू झाला.

त्या वेळी हातात येणारा पगार ५२,००० होता आणि शिकवणीचे ८,०००, एकूण साठ हजार. हप्ता वजा जाता किराणा-दूध-भाजीला १३,५००, वीज, गॅस आणि मोबाइलला ३,६००, सोसायटीला २,२००, दोन्ही मुलांच्या शाळेचे महिन्याला धरून ५,५००, औषधे १,८००, आरोग्य विमा, मुदत विमा आणि एक जुनी बचतीची पॉलिसी मिळून २,८००, कपडे-सण-पाहुणे यांना ३,०००. प्रवासाला फक्त १,२००, कारण कंपनीने घरूनच काम करायला सांगितले होते. सगळे मिळून ५६,४११. महिन्याला साडेतीन हजारांवर शिल्लक, त्यातली अडीच हजारांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक. शिवाय अडीअडचणीसाठी एक लाख वीस हजारांची एफडी.

हप्ता उत्पन्नाच्या ३८ टक्के होता. बँकेच्या निकषात हे बसते. माझ्या मते मात्र इथेच दोर जरा जास्त ताणलेला होता, कारण हा आकडा व्याजदर तळाला असतानाचा होता. तळावरून दर जाणार कुठे, तर वरच.

दोन वर्षांनी

एप्रिल २०२३. पगार ५६,५०० झाला. मधल्या काळात वाढ एकदाच मिळाली. शिकवणीचे तेच आठ हजार. उत्पन्न ६४,५००, म्हणजे दोन वर्षांत साडेसात टक्के जास्त. हप्ता सोडून बाकीचा खर्च मात्र ३३,६०० वरून ४२,६०० वर गेला. नऊ हजारांची वाढ.

यातले किती महागाईचे आणि किती घराच्या वाढत्या गरजांचे, हे वेगळे करून पाहायला हवे. सहसा आपण सगळेच महागाईच्या नावावर टाकतो. किरकोळ महागाईचा दर एप्रिल २०२२ मध्ये ७.७९ टक्के होता आणि एप्रिल २०२३ मध्ये ४.७०. दोन्ही एकावर एक धरले तर दोन वर्षांत भाव सरासरी तेरा टक्क्यांनी चढले. त्या हिशेबाने ३३,६०० चे ३७,९०० व्हायला हवे होते. उरलेल्या साडेचार हजारांवरच्या वाढीला सरासरी भाववाढ जबाबदार नाही. कंपनीने ऑफिसला बोलावले, आणि स्टेशनपर्यंत बाइक, तिचे पार्किंग, लोकलचा पास आणि पुढची शेअर रिक्षा असे धरून प्रवास १,२०० वरून ३,४०० वर गेला. धाकटा पहिलीत गेला, शाळेचे १,७०० वाढले. आईच्या औषधांत एका गोळीची भर पडली.

खरी भाववाढही काही कमी नव्हती. मुंबईत १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर एप्रिल २०२१ मध्ये ८०९ रुपयांना होता, एप्रिल २०२३ मध्ये १,१०२.५० ला. पेट्रोल लिटरला ९७ च्या आसपास होते ते १०६.३१ झाले. युक्रेनच्या युद्धाने सूर्यफुलाचे तेल अडले, पाठोपाठ एप्रिल २०२२ च्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या पीठ-तांदूळ-डाळींवर पाच टक्के जीएसटी लागला. सुट्टे घेतले तर नाही, पण ज्या सोसायटीत किराणा घरपोच येतो तिथे सुट्टे कोण घेतो?

किराणा १६,३०० वर पोचला, तोही कापून. शेंगदाणा तेलाच्या जागी सोयाबीन आले, दूध रोजचे अर्धा लिटर कमी झाले, वर्तमानपत्र बंद झाले, मुलीचे पोहणे थांबले. या सगळ्यातून महिन्याचे अकराशे-साडेअकराशे वाचत होते. ‘कपडे-सण-पाहुणे’ या रकान्यात दोन्ही वर्षी तीनच हजार दिसतात. कागदावर तो स्थिर वाटतो, प्रत्यक्षात त्यात एक दिवाळी कमी कपड्यांत आणि एक लग्न आहेर पाठवून निभावलेले आहे.

एवढे करून महिन्याचा खर्च ६५,४११, म्हणजे ९११ रुपयांची तूट. एसआयपी नोव्हेंबर २०२२ मध्येच बंद झाली होती. ‘नऊशेच तर कमी पडतायत, पुढच्या पगारवाढीत निघतील,’ असे नवऱ्याचे म्हणणे. तूट खरेच नऊशेची असती तर ते बरोबरही ठरले असते.

४८९ रुपयांचे पत्र

एप्रिलच्या अखेरीस बँकेकडून पत्र आले, की मे महिन्यापासून हप्ता २३,३०० होईल. वाढ ४८९ रुपयांची.

“अहो, हे चारशे एकोणनव्वद कसले?” बायकोने विचारले. ते तिच्याच तोंडी आधी आले, कारण महिन्याचा हिशेब तीच लिहायची. नवऱ्याने बँकेचे अ‍ॅप उघडून खातेउतारा काढला. एप्रिलच्या हप्त्यासमोर दोन रकाने होते. व्याज २२,२९२. मुद्दल ५१९.

बावीस हजार आठशे अकरा रुपये भरले आणि कर्ज फिटले पाचशे एकोणीस रुपयांचे. त्याखाली उरलेले हप्ते ४०९.

करारानुसार २१७ उरायला हवे होते.

हे कसे घडले ते तारखेवार पाहू. किरकोळ महागाई ४ टक्क्यांवर, वर-खाली दोन टक्क्यांच्या आत ठेवायची, ही रिझर्व्ह बँकेची कायद्याने ठरलेली जबाबदारी आहे. २०२२ मध्ये ती सलग तीन तिमाही सहाच्या वर राहिली आणि ही चौकट आल्यापासून पहिल्यांदाच रिझर्व्ह बँकेला सरकारकडे लेखी कारणे द्यावी लागली. त्याआधीच, ४ मे २०२२ रोजी, वेळापत्रकात नसलेली बैठक घेऊन रेपो ४.४० केला गेला. जूनमध्ये ४.९०, ऑगस्टमध्ये ५.४०, सप्टेंबरच्या अखेरीस ५.९०, डिसेंबरमध्ये ६.२५ आणि ८ फेब्रुवारी २०२३ ला ६.५०. नऊ महिन्यांत अडीच टक्के.

ऑक्टोबर २०१९ नंतरची बँकांची बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा त्यांचा दर नव्याने ठरतो. या घराच्या कर्जाचा दर जुलै २०२२ ला ७.६५ झाला, ऑक्टोबरला ८.६५, जानेवारीला ९, एप्रिलला ९.२५. प्रत्येक वेळी बँकेच्या संगणकाने हप्ता तोच ठेवला आणि मुदत लांबवली. जुलैत २२६ हप्ते उरायला हवे होते, झाले २६५. ऑक्टोबरमध्ये २२३ च्या जागी ३४६. जानेवारीत २२० च्या जागी ४०६. एप्रिलचा दर जुन्या हप्त्याला लावला तर ४९३ निघत होते, म्हणजे कर्ज फिटताना माणूस सत्त्याहत्तर वर्षांचा. या बँकेची मर्यादा सत्तर वर्षांची होती. म्हणून तेवढ्यात बसण्यापुरता हप्ता ४८९ रुपयांनी वाढला आणि पत्र आले. मर्यादा ऐंशीची असती तर पत्रही आले नसते.

प्रत्येक बदलाचा एसएमएस मात्र आला होता. इंग्रजीत, दोन ओळींचा, पूर्वमंजूर कर्जाच्या आणि कार्डाच्या जाहिरातींच्या मध्ये. कोणी वाचला नाही म्हणून त्यांना नावे ठेवायची मला इच्छा नाही. खात्यातून दर महिन्याला तीच रक्कम वजा होत असेल तर मनुष्य ‘काही बदललेले नाही’ असेच धरून चालतो.

तुटीचा खरा आकडा

आता एप्रिल २०२३ चा हिशेब पुन्हा मांडू. ९.२५ टक्के दराने, ठरल्या वेळी म्हणजे २०४१ मध्येच कर्ज फेडायचे, तर हप्ता २७,४८५ हवा होता. चालू हप्त्यापेक्षा ४,६७४ जास्त.

म्हणजे घराची महिन्याची तूट ९११ नव्हती. ती ५,५८५ होती. त्यातली ४,६७४ बँकेने उचलून पन्नाशी-साठीच्या पुढच्या वर्षांत नेऊन ठेवली होती, आणि हे घर उरलेल्या नऊशेसाठी दूध कमी करत होते.

मुदत लांबली म्हणजे थोडे जास्त दिवस भरायचे, एवढेच अनेकांना वाटते. तर दर तोच राहिला असे धरून बघा. २७,४८५ च्या हप्त्याने तीस लाखांपोटी एकूण ६४ लाख ८९ हजार जातात. २३,३०० च्या हप्त्याने ४०९ महिने भरले तर एक कोटी ५४ हजार. दर वीस-तीस वर्षे एकाच जागी थांबत नाहीत, हे मान्य. पण महिन्याला चार हजारांची सोय केवढ्याला पडते याचा अंदाज यायला हा फरक पुरेसा आहे.

महागाईच्या सरकारी आकड्यात हे कुठेच दिसत नाही, ही आणखी एक गंमत. किरकोळ महागाई ज्यावरून मोजतात, त्या २०१२ हे आधारवर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात अन्न आणि पेयांचे वजन शंभरात ४५.८६ होते, घराचे १०.०७. हे घराचे वजन भाड्याचे आहे. कर्जावरचे व्याज त्या टोपलीत धरलेले नाही. निर्देशांक कशासाठी बनवतात ते पाहिले तर हे चुकीचे नाही. पण बदलापूर, विरार, पनवेल अशा पट्ट्यात ज्यांच्या पगाराचा तिसरा हिस्सा हप्त्यात जातो, त्यांना ‘महागाई ७.७९ वरून ४.७० वर उतरली’ ही बातमी परक्या गावची वाटली, तर दोष त्यांचा नाही. महागाई उतरवण्यासाठी जे औषध दिले गेले, त्याचा कडवट भाग याच घरांच्या वाट्याला आला. भाव उतरले तर फायदा सगळ्यांना, व्याज वाढले तर भार फक्त कर्जदाराला. बिनकर्जी शेजाऱ्याला उलट एफडीवर जास्त मिळू लागले.

कार्डाचे आणखी एक छिद्र

पत्राच्या निमित्ताने सगळे कागद बाहेर आले तेव्हा क्रेडिट कार्डाची थकबाकी ३८,००० निघाली. फ्रिजचा कॉम्प्रेसर, शाळेची एकरकमी सत्र फी आणि दोन महिन्यांचा किराणा. नवरा दर महिन्याला ‘किमान देय’ रक्कम भरत होता, पाच टक्के म्हणजे १,९००. हे पैसे बचत खात्यातल्या शिल्लकेतून जात असल्याने हिशेबाच्या वहीत कधी आलेच नव्हते.

महिन्याला साडेतीन टक्के दराने ३८,००० वर व्याज १,३३०. व्याजावर अठरा टक्के जीएसटी २३९. उरले ३३१. एकोणीसशे भरले की थकबाकी तीनशे एकतीसने हलते. गृहकर्जाच्या उताऱ्यात जे चित्र होते तेच इथे, फक्त वर्षाला बेचाळीस टक्के दराने.

कार्ड वाईट असते वगैरे मी म्हणणार नाही. पण एका बाजूला एफडी साडेसहा-सात टक्क्यांनी सांभाळायची आणि दुसऱ्या बाजूला बेचाळीस टक्क्यांचे कर्ज पोसायचे, हे इतक्या घरांत दिसते की त्याला काही नाव द्यायला हवे. कारण भावनिक आहे, आणि समजण्यासारखे आहे. एफडी मोडणे म्हणजे हरल्यासारखे वाटते. किमान रक्कम भरणे म्हणजे वेळेवर भरल्यासारखे.

काय केले

क्रम महत्त्वाचा होता, आणि त्यावर दोघांचे एकमत नव्हते.

नवऱ्याचे म्हणणे, एफडी पूर्ण मोडून गृहकर्जात भरू. बदलत्या दराच्या गृहकर्जाची मुदतीआधी परतफेड केली तर वैयक्तिक कर्जदाराकडून दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ पासून मनाई केली आहे, त्यामुळे वाट मोकळी होती. बायकोने हात आडवा घातला. “आईंना उद्या अ‍ॅडमिट करावं लागलं तर? पुन्हा कार्डच घासायचं ना?” आई कुटुंबाच्या आरोग्य विम्यात नव्हत्या. बायकोचा मुद्दा बिनतोड होता. एफडीतून फक्त कार्डाचे ३८,००० फेडले आणि किमान रकमेचे १,९०० त्याच महिन्यापासून सुटले. सोने तारण ठेवायचाही विषय निघाला होता, तो तिथेच संपला.

मग बँकेची शाखा. तिथल्या अधिकाऱ्याने जे सांगितले ते विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. “साहेब, तुमचा स्प्रेड, म्हणजे रेपोवर बँक लावते तो जादा दर, जुना आहे. आत्ता नवीन कर्ज घेणाऱ्याला रेपोवर दोन-पंधरा लागतो, तुम्ही दोन-पंच्याहत्तर भरताय. अर्ज द्या, बदलून मिळेल.” शुल्क जीएसटीसह ५,९००. जुलै २०२३ पासून दर ९.२५ चा ८.६५ झाला. पहिल्याच महिन्यात व्याज १,४४५ ने कमी, म्हणजे शुल्क चार महिन्यांत वसूल. दुसऱ्या बँकेत कर्ज हलवले असते तर दर आणखी थोडा कमी मिळाला असता, पण मूल्यांकन, वकील, मुद्रांक आणि नव्या बँकेची प्रक्रिया फी धरून फारसे हाती लागत नव्हते. जुन्या ग्राहकापेक्षा नव्याला स्वस्त कर्ज मिळते याचा राग येतो खरा. तो शाखेत व्यक्त करण्यापेक्षा अर्जावर लिहिलेला बरा.

हप्ता किती करायचा? २७,४८५ आवाक्याबाहेर होता. २३,३०० वर राहिले तर नव्या दरानेही ३१२ महिने, म्हणजे निवृत्तीनंतरही भरणे आले. यांनी २५,००० ठरवला. त्याने २४९ हप्ते उरत होते आणि कर्ज सत्तावन्नाव्या वर्षी फिटत होते. मूळ मुदतीपेक्षा तीन वर्षे उशिरा, पण नोकरी असताना. दर तोच राहिला तरी एकूण भरणा ६८ लाख २५ हजारांच्या आसपास.

हप्त्याचे जास्तीचे २,१८९ आणि आधीचे तुटीचे ९११, असे ३,१०० आणायचे होते. एक तर ती जुनी बचतीची पॉलिसी. महिना अकराशे रुपये, विमा नावापुरता, परतावा एफडीच्या आसपास. सहा वर्षे भरून झाली होती, म्हणून बंद करून नुकसान सोसण्याऐवजी ती ‘पेड-अप’ करून घेतली. पुढचे हप्ते थांबले, भरलेल्या पैशांपुरता विमा चालू राहिला. विकणारा नात्यातला होता, त्यामुळे दोन महिने थोडी कुरबूर झाली.

दुसरी गोष्ट शिकवणीची. सोळा मुले, पाचशे रुपये, २०२१ लाही आणि २०२३ लाही. दूधवाला, शाळा, सोसायटी, रिक्षावाला, सगळ्यांनी दर वाढवले होते. या घरात विकली जाणारी एकच वस्तू होती आणि तिचा भाव दोन वर्षे जागच्या जागी होता. “त्यांच्याही घरी महागाईच आहे ना, कशी सांगू?” असे तिचे म्हणणे. जूनपासून तिने सहाशे केले. एक मुलगा गेला, पंधरा राहिले. हजार रुपये वाढले. या प्रकरणातला मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटलेला भाग हाच. घरातून चालणाऱ्या कामाचा खर्च आणि मोबदला कुठल्याच हिशेबात येत नाही. तो नवऱ्याच्या पगारवाढीसारखा कुणी वर्षाकाठी आपणहून वाढवत नाही, आणि काटकसरीची पहिली कात्री मात्र त्याच बाईच्या स्वयंपाकघरावर चालते.

जुलैत पगारवाढ तीन हजारांची मिळाली. एकूण ५,१०० जमले, लागणार होते ३,१००. उरलेल्या दोन हजारांतले चौदाशे लगेच गेले. शाळेची फी पुन्हा पाचशेने वाढली, आणि जुलै २०२३ मध्ये टोमॅटोसह भाज्या भडकून महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली, तिचे किराण्यात नऊशे. महिन्याअखेर सहाशे रुपये हाताशी. ३० ऑगस्टला सिलिंडर दोनशेने उतरून मुंबईत ९०२.५० झाला, तेवढीच हवा. दूध मात्र पहिल्याच महिन्यात पूर्ववत केले. यावर चर्चा झाली नाही.

नियम थोडा उशिरा आला

या कुटुंबाने शाखेत खेटे घातले ते मे-जूनमध्ये. १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढले, की बदलत्या दराच्या मासिक हप्त्यांच्या कर्जात दर बदलला की कर्जदाराला त्याचा हप्त्यावर आणि मुदतीवर होणारा परिणाम ताबडतोब कळवला पाहिजे. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे-थोडे, हे कर्जदाराने ठरवायचे. स्थिर दराकडे जाण्याचा आणि अंशतः किंवा पूर्ण परतफेडीचा पर्याय द्यायचा, असेही तेव्हा त्यात होते. मुदत इतकी ताणायची नाही की हप्ता महिन्याच्या व्याजालाही पुरणार नाही. दर तिमाहीला उतारा द्यायचा, त्यात भरलेले मुद्दल, भरलेले व्याज आणि उरलेले हप्ते असायला हवेत. जुन्या कर्जांनाही हे ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत लागू करायचे होते.

नियम चांगला आहे. पण पर्याय देणे आणि तो कळेल अशा भाषेत देणे, यात अजून अंतर आहे. अनेकांना लिंक असलेला एसएमएस येतो आणि ठरलेल्या दिवसांत उत्तर दिले नाही तर बँकेला सोयीचा पर्याय आपोआप लागू होतो. म्हणून ज्याचे कर्ज आहे त्याने तिमाहीच्या उताऱ्यातला ‘मुद्दल’ हा एक रकाना तरी पाहावा. दर, स्प्रेड, बेसिस पॉइंट यातले काही कळले नाही तरी हप्त्यातले किती रुपये मुद्दलात गेले ते कळते.

जुलै २०२५

७ फेब्रुवारी २०२५ ला जवळजवळ पाच वर्षांनी पहिल्यांदा रेपो कमी झाला, ६.२५. एप्रिलमध्ये ६ आणि ६ जूनला ५.५०. या कर्जाचा दर एप्रिलला ८.४० आणि जुलैला ७.६५ झाला. जूनमध्ये किरकोळ महागाई २.१० टक्क्यांवर आली होती. महागाईचा दर उतरला याचा अर्थ भाव उतरले असा नाही, ते हळू चढत आहेत एवढाच. मुंबईतला सिलिंडर एप्रिलमध्ये पन्नासने वाढून ८५२.५० झाला होता आणि किराण्याची बेरीज २०२१ च्या जवळपासही नव्हती.

आता बँकेचे पत्र दोन पर्याय घेऊन आले. हप्ता २५,००० ठेवला तर १९४ उरतात. आधी ठरलेले २२५ हप्ते तसेच ठेवले तर हप्ता २३,२८९ वर येतो, महिन्याला १,७११ सुटतात. मोठी मुलगी आठवीत गेली होती, वर्गमैत्रिणी क्लासला जाऊ लागल्या होत्या. बायकोचे मत हप्ता कमी करण्याचे होते, नवऱ्याचे तसाच ठेवण्याचे. गेल्या वेळी एफडीवरून दोघांच्या भूमिका बरोबर उलट्या होत्या, हे दोघांच्याही लक्षात आले.

मूळ कराराप्रमाणे जुलै २०२५ ला १९० हप्ते उरायला हवे होते. २५,००० कायम ठेवला तर फरक फक्त चार हप्त्यांचा राहत होता. शेवटी हप्ता कायम ठेवला, बंद पडलेली एसआयपी आणखी वर्षभर बंदच ठेवली, आणि पंधरा मुलांच्या जागी आता शिकवणीला एकोणीस होती, त्यांची फी जूनपासून सातशे केली. मुलीच्या क्लासचे पैसे त्यातून जातात.